उणे तीन वर्षं

आरोग्य निधीच्या कचेरीतल्या खुर्च्या एकमेकींना लोखंडी पट्टीने जखडलेल्या होत्या आणि ठमीने त्यातली एक ओढून न्यायचा चंग बांधला होता. दीड वर्षाची पोर. एका हातात चोखून लगदा केलेलं बिस्किट, दुसऱ्या हाताने खुर्चीचा पाय धरून ओढणं चाललेलं. मुंगीचा एक डोळा तिच्यावर होता आणि दुसरा भिंतीवरच्या लाल आकड्यांवर. चौसष्ट नंबर चालू होता. तिच्या चिठ्ठीवर एकाहत्तर.

मुंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी सदानकदा तुरुतुरु धावायची आणि वाटेत दिसेल ते उचलून घरात साठवायची, म्हणून दादाने ते ठेवलं. आता तिशी ओलांडली, कॉलेजात चार वर्षं संख्याशास्त्र शिकवून झालं, लग्न झालं, पोर झाली, तरी नाव काही सुटलं नाही आणि साठवण्याची सवयही. तिच्या मांडीवरच्या जाडजूड फायलीत दादाचा गेल्या नऊ वर्षांतला प्रत्येक कागद तारखेने लावलेला होता.

दादा शेजारी बसून भिंतीवरची पाटी वाचत होता. "मुंगे, 'कृपया शांतता राखा' असं लिहिलंय. ठमीला वाचून दाखव."

"तू वाचून दाखव. मामा आहेस ना?"

"मामाचं कोण ऐकतं?"

दादा एक्केचाळीस वर्षांचा. चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम करतो, आणि बसवतोही इतक्या नेमक्या की गावभरचे वाकडे चष्मे त्याच्याकडे येतात. जन्मापासून त्याला सिस्टिक फायब्रोसिस. म्हणजे अंगातला प्रत्येक ओलावा गोंदासारखा घट्ट. फुप्फुसात कफ चिकटतो, पचनाच्या नळ्या बुजतात, घास पोटात जायच्या आधी कॅप्सूल घ्याव्या लागतात आणि घाम मिठासारखा खारट. तो तान्हा असताना डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं, दहा वर्षं. दहाचा झाला तेव्हा म्हणाले, अठरा. मग पंचवीस. मग काही वर्षांपूर्वी नव्या गोळ्या निघाल्या आणि ज्या खोकल्याने घरातली भांडी वाजायची तो खोकला गप्प झाला. त्यानंतर डॉक्टरांनी आकडे सांगायचं सोडून दिलं.

मुंगीने मात्र आकडे सोडले नव्हते. ठमी जन्मली तेव्हा तिची तपासणी करून घेतली होती, ती स्वच्छ निघाली होती, तो कागदही फायलीत होता. तरी दुपारी पोर झोपून उठली की मुंगी तिच्या कपाळाची पापी घ्यायची आणि हळूच जीभ लावून बघायची. नवरा म्हणायचा, "अगं, ती काय लोणचं आहे का चव बघायला?" ती ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायची.

एकाहत्तर नंबर लागला.

काउंटरच्या पलीकडे मंजुरी देणाऱ्या मॅडम बसल्या होत्या. केस घट्ट बांधलेले, आवाज मऊ, चष्मा डावीकडे किंचित कललेला. दादाने बसता बसता तो पाहिला, हे मुंगीने पाहिलं.

"बोला ताई."

मुंगीने घरी घोकून आणलेलं एका दमात सांगितलं. या आजाराच्या लोकांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर व्हायची शक्यता इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असते आणि तो लवकर होतो. पूर्वी हे कुणाच्या लक्षात येत नव्हतं, कारण तेवढं वय गाठणारे थोडे. आता लोक जगतात. म्हणून या आजाराचे तज्ज्ञ सांगतात की चाळिशीला आतून नळी घालून आतडं तपासा. तीन महिन्यांपूर्वी दादाचं पोट दुखत होतं म्हणून ती तपासणी झाली, पण आतडं साफ झालं नव्हतं, डॉक्टरांना आत काही दिसलंच नाही. परत करायची आहे. ती निधीतून मंजूर करा.

मॅडमनी कळा दाबल्या. "तपासणी झालेली आहे."

"झाली, पण काही दिसलं नाही."

"झाली अशीच नोंद आहे. पुढची दहा वर्षांनी."

"मॅडम, खिडकी उघडली आणि बाहेर धुकं होतं, तर खिडकीतून पाहिलं असं म्हणतात का?"

"खिडकी उघडली असं म्हणतात," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "आता पोट दुखतंय का? दुखत असेल तर वेगळ्या कलमाखाली होईल."

मुंगीने टेबलाखालून दादाच्या बुटावर बूट ठेवला आणि दाबला.

"नाही," दादा म्हणाला. "आता छान आहे."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढा मोठा माणूस, चाळीस वर्षं दवाखान्यात काढली, कुठे कण्हायचं तेवढं कळू नये?

"मग दुखत नसताना आधीच केलेली तपासणी म्हणून बघते," मॅडम म्हणाल्या. "तिथे खर्च आणि फायदा बघावा लागतो. म्हणजे एका तपासणीला एवढा खर्च, त्याने माणसाची सरासरी एवढी वर्षं वाढतात, तर ते परवडतं का. तुमच्या बंधूंचा आजार टाकते. वय एक्केचाळीस." त्यांनी कळ दाबली आणि त्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग चष्मा वर सारून पुन्हा बघितलं.

"काय झालं?"

"फायद्याची वर्षं…" त्या जरा अडखळल्या. "उणे तीन दाखवतंय."

"उणे?"

"या आजाराचं अपेक्षित वय तक्त्यात अडतीस धरलंय. अडतीसातून एक्केचाळीस गेले, म्हणून…"

दादाला हसू फुटलं. "म्हणजे तीन वर्षं मी तुमच्या मंजुरीशिवाय जगतोय? दंड भरायला लागेल का?"

मुंगीला हसू आलं नाही. चार वर्षं ज्या चुकीवर तिने मुलांचे गुण कापले होते, ती चूक सरकारी शिक्का घेऊन समोर बसली होती. "मॅडम, अडतीस ही जन्माच्या वेळची सरासरी. त्यात पाचव्या वर्षी गेलेली पोरंही आली, विसाव्या वर्षी गेलेलीही आली. जो एक्केचाळीसपर्यंत आला, त्याच्या पुढच्या वर्षांचा हिशेब एक्केचाळीसपासून करायचा असतो. अडतीसमधून वजाबाकी करून नाही! आणि हा तक्ता कधीचा आहे?"

मॅडमनी पडद्यावर खाली जाऊन पाहिलं. "पंधरा वर्षांपूर्वीचा."

"नव्या गोळ्यांच्या आधीचा."

"तक्ता समिती बदलते, ताई. मी बदलत नाही."

"मग त्याचा आजार काढून टाका. साधा निरोगी माणूस म्हणून बघा."

मॅडमनी तसं केलं. "निरोगी माणसाला पन्नासाव्या वर्षापासून मिळते. हे लहान आहेत."

मुंगीने कपाळाला हात लावला. आजारी धरावं तर हा मेलेला आणि निरोगी धरावं तर हा लहान! मधल्या नऊ वर्षांत या माणसाने राहायचं कुठे?

"आपण निघू या," दादा म्हणाला.

"बस खाली."

ठमीने तेवढ्यात बिस्किटाचा हात काउंटरच्या काचेवर पुसला. मुंगी ती काच पुसायला पुढे वाकली, आणि वाकल्यामुळे तिला मॅडमच्या पडद्याचा कोपरा दिसला. दादाचा अहवाल तिथे उघडा होता. अगदी खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, पान एक, एकूण पानं दोन.

"मॅडम, दुसरं पान कुठाय?"

"एकच आलंय."

"खाली दोन लिहिलंय."

मॅडमनी चष्मा सावरून वाचलं. "हो की. अहो, दवाखान्यातला तो स्कॅनर एकच बाजू ओढतो. पाठीमागचं येत नाही."

"कुणाच्याच अहवालाचं येत नाही?"

मुंगीच्या मनात आलं, किती लोक असे 'तपासून' घरी बसले असतील? पण आत्ता तिला एकच माणूस पुरे होता. तिने फायलीत हात घातला. नऊ वर्षांच्या कागदांतून तो कागद काढायला तिला चार सेकंद लागले. मागची बाजू वर करून तिने तो काचेखालून सरकवला.

मॅडमनी मोठ्याने वाचलं. "आतडे पुरेसे स्वच्छ नसल्यामुळे तपासणी अपुरी. पुन्हा करावी." त्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला. "मग हे सोपं आहे, ताई. अपुरी तपासणी नव्वद दिवसांच्या आत परत करता येते. नवी मंजुरीच लागत नाही. तक्ता बघायचाच नाही."

"हे आधी सांगता आलं नसतं?"

"आधी ती पूर्ण होती ना."

ब्याऐंशी दिवस उलटले होते. मॅडमनी शिक्का मारला. दादा उठताना म्हणाला, "मॅडम, जरा चष्मा देता?" त्यांनी गोंधळून दिला. त्याने डाव्या दांडीला अंगठ्याने एकदाच दाब दिला, डोळ्यांसमोर धरून बघितला आणि परत केला. तो सरळ बसला. एवढं करायला याला सुचतं, मुंगीच्या मनात आलं, आणि पोट दुखतं म्हणायला नाही.

बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं. मुंगी लगेच फोन काढून दवाखान्याचा नंबर लावायला लागली. आठ दिवसांत वेळ मिळवायची होती.

"राहू दे," दादा म्हणाला. "जिंकलीस ना? बास. घरी जाऊ."

"राहू दे म्हणजे?"

"म्हणजे मी ते पोट साफ करायचं पाणी परत पिणार नाही. मागच्या वेळी दोन बाटल्या प्यायलो, रात्रभर बसलो, आणि शेवटी डॉक्टर म्हणतो काही दिसलं नाही. पुरे झालं."

"मागच्या वेळी त्यांनी तुला सगळ्यांना देतात तोच सूचनांचा कागद दिला. तुझ्या आतड्याला ते पुरत नाही. तुझ्या नेहमीच्या क्लिनिकमधल्या नर्सबाईंना मी विचारलंय, त्यांच्याकडे वेगळी पद्धत आहे."

"प्रश्न पाण्याचा नाहीये गं." तो पायरीवर बसला. ठमी त्याच्या गुडघ्यावर चढायला लागली, तिला त्याने वर घेतलं. "फुप्फुसाचं आणि माझं ठरलेलं होतं. लहानपणापासून. मी त्याला ओळखतो, ते मला ओळखतं. एक दिवस ते मला नेणार, ठीक आहे, मी मनाची तयारी केली होती. आता हे आतडं मधेच कुठून उपटलं? याच्याशी मी नव्याने ओळख करून घेऊ?"

मुंगीने फोन खाली घेतला. "तुझ्या मरणाचं काय टेंडर निघालंय का? पहिल्याने अर्ज केला म्हणून कंत्राट त्यालाच?"

दादा हसला. पण ती थांबणाऱ्यातली नव्हती.

"हसू नकोस. आत त्या बाईंनी उणे तीन म्हटल्यावर मला असं वाटलं की काच फोडावी. आणि तू? तू काय करतोस? फोनला एका महिन्याच्या वर पैसे भरत नाहीस. खोलीला पडदे नाहीत, कारण 'कशाला, किती दिवस राहायचंय'. बूट घेतोस ते सगळ्यात स्वस्त, चार महिन्यांत फाटणारे. आईने नवी गादी आणली तर म्हणालास, उगाच खर्च. त्यांचा तक्ता पंधरा वर्षांचा जुना आहे दादा. तुझा त्याहून जुना आहे. त्यांना समिती तरी आहे. तुझा तक्ता कोण बदलणार?"

पायऱ्यांवरून माणसं चढत-उतरत होती. एका म्हाताऱ्याने वळून पाहिलं. दादाने ठमीच्या हातातलं उरलेलं बिस्किट तिच्या तोंडाशी नेलं, तिने ते त्याच्याच तोंडात कोंबलं. त्याने खिशातून डबी काढली, एक कॅप्सूल गिळली आणि मग बिस्किट चावलं. सवयीने, न बघता.

"किती लिटर?" त्याने विचारलं.

"आधी फोन तर लावू दे," ती म्हणाली. आणि पाठ फिरवून तिने नंबर लावला.

वेळ मिळाली ती अठ्ठ्याऐंशीव्या दिवसाची. क्लिनिकमधल्या नर्सबाई दादाला वीस वर्षं ओळखत होत्या आणि त्याला 'चिरंजीव' म्हणायच्या. त्यांनी जुना छापील कागद मुंगीच्या हातून घेतला आणि फाडून टोपलीत टाकला.

"हा साध्या आतड्याचा. याच्या आत गोंद आहे गोंद, दोन बाटल्यांनी काय होतंय? दोन दिवस आधीपासून चोथ्याचं काही खायचं नाही. आदल्या दिवशी फक्त पातळ. औषधाचं पाणी जास्त, आणि एकदम नाही, तीन वेळा विभागून. शेवटचा हप्ता तपासणीच्या सकाळी. मधे क्षारांचं पाणीही प्यायचं, याच्या अंगातलं मीठ लवकर उतरतं. आणि चिरंजीव, बाहेर येईल ते स्वच्छ पिवळं पाणी दिसेपर्यंत थांबायचं नाही. कळलं?"

"दिसणार कुणाला?" दादा म्हणाला.

"हिला दाखव. हिच्याकडे फाईल आहे."

मुंगी ठमीला घेऊन आईकडे दोन दिवस मुक्कामाला आली. पहिल्या दिवशी दादाने सूप पाहून तोंड वाकडं केलं. आईने दोनदा भात पुढे केला, मुंगीने दोनदा मागे घेतला. "थोडासा तरी गं, पोर उपाशी आहे," आई म्हणाली. "आई, पोर एक्केचाळीस वर्षांचं आहे," मुंगी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून औषधाचं पाणी सुरू झालं. मुंगीने बाथरूमच्या दारावर तक्ता चिकटवला. वेळ, किती प्यायलं, किती वेळा, रंग. पाचव्या पेल्याला दादा म्हणाला, "हे समुद्राचं पाणी आहे, त्यात कुणीतरी साबण धुतलाय." सातव्याला म्हणाला, "त्या मॅडमना फोन कर, सांग, माणूस गेला, तक्ता बरोबर होता." ठमीला वाटलं हा काहीतरी खेळ आहे. मामा आत गेला की ती दारावर थापा मारायची, आणि आतून मामा थापा मारून उत्तर द्यायचा.

सकाळी सहाला शेवटचा हप्ता. आठ वाजता बाथरूमचं दार उघडून दादा बाहेर आला. थकलेला, पांढराफटक. "ये. बघ. आयुष्यात बहिणीला हे दाखवायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं."

तिने पाहिलं. स्वच्छ, पिवळं. तक्त्यावर तिने शेवटची खूण केली आणि अहवाल वाचावा तसा तो एकदा वरून खाली वाचला.

तपासणी दुपारी झाली. बाहेरच्या बाकावर तिने नखं कुरतडली, ठमीने तिच्या चपलेचा पट्टा कुरतडला. डॉक्टर बाहेर आले. "या वेळी काच पुसल्यासारखं होतं. तीन गाठी होत्या. दोन बारीक, एक वाटाण्याएवढी. तिन्ही काढल्या." प्रयोगशाळेचा निकाल पाच दिवसांनी आला. कॅन्सर नव्हता. पण मोठी गाठ तशीच राहिली असती तर पुढे तिचाच कॅन्सर झाला असता. दहा वर्षं थांबणं तर सोडाच. पुढची तपासणी तीन वर्षांनी.

मुंगीने तो कागद मागून पुढून दोनदा वाचला. त्या संध्याकाळी तिने ठमीच्या कपाळाची पापी घेतली आणि जीभ लावायची राहून गेली. हे तिला दुसऱ्या दिवशी आठवलं.

तीन आठवड्यांनी ती दादाच्या दुकानात गेली तेव्हा तो काउंटरवर एक लिफाफा पुढे ठेवून बसला होता. आरोग्य निधीचा. तिने उघडून वाचला. 'आपली तपासणी पूर्ण झाली आहे. पुढील तपासणी दहा वर्षांनी.'

"दहा?" ती जवळजवळ ओरडली. दुकानातल्या गिऱ्हाइकाने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "परत एकच पान! परत तोच स्कॅनर! अरे, या लोकांना दुसरी बाजू असते हे सांगायचं तरी किती वेळा? मी आज तिथे जाऊन तो स्कॅनरच…"

"हळू. ठमी शिकेल."

"शिकू दे!" तिने खांद्यावरची पिशवी उघडली. फाईल होतीच. "तीन वर्षांनी लिहिलंय डॉक्टरांनी, मागच्या बाजूला, स्वच्छ अक्षरात."

दादाने काचा पुसायचं फडकं घडी करून ठेवलं आणि खुर्चीमागचं जाकीट उचललं. मुंगीने पाहिलं, पायात नवे बूट होते. जाड तळव्याचे, शिवलेले.

"तू कुठे निघालास?"

"तुझ्याबरोबर. सरकारने एकदम दहा वर्षं दिली मला. जन्मात कुणी एवढी दिली नव्हती." तो ठमीला उचलून दाराकडे वळला. "ती परत करून तीन मागायला चाललेला मी पहिलाच माणूस असेन. बघायला तरी येऊ दे."

"कॅप्सूल घेतल्यास का?"

"घेतल्या गं."

"डबी दाखव."

त्याने डबी दाखवली.